बेरगलाच्या चढावर मी थांबले

मी एक जुनी, पांढऱ्या रंगाची, आपोआप गिअर बदलणारी मोटार आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की आपल्या कौतुकापासून सुरुवात करतात. माझंही कौतुक झालं, नाही असं नाही. पण मला आठवते ती लाज. ती सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुरी होणार नाही.

माझा जन्म जपानमधला. तिथल्या सपाट, गुळगुळीत रस्त्यांवर मी काही वर्षं धावले. मग जहाजात चढले आणि कोलंबोच्या बंदरात उतरले. तिथून तिलकसिरींनी मला श्रीलंकेच्या डोंगरातल्या हल्दुमुल्लाला आणलं. त्यांचं वळणावर पत्रे, खिळे आणि रंगाचं दुकान आहे. त्या गावात रस्ता एकतर वर जातो नाहीतर खाली. सपाट रस्ता मी तिथे फारसा पाहिला नाही. आल्याबरोबर मला विहारात नेलं, भिक्षूंनी पिरीत, म्हणजे रक्षणाचा पाठ, म्हटला, पांढरा धागा माझ्या आरशाला बांधला. तिलकसिरी आपल्या कमरेच्या सरोंगच्या, म्हणजे लुंगीच्या, टोकाने माझी काच पुसायचे. माझ्याकडे बघताना त्यांची छाती फुगायची.

पण मला खरं चालवलं ते त्यांच्या धाकट्या बहिणीने, हेमलताने. ती मागच्या खोलीत राहायची, शाळेचे गणवेश आणि नवरीच्या साडीवरची जाकिटं शिवायची. तिने लग्न केलं नव्हतं. चाळिशी उलटल्यावर ती माझं चाक धरायला शिकली.

"हिला क्लच नाही," तिलकसिरी म्हणाले होते. "हिंमत असली की पुरे."

"मग तुझ्याहून मीच लवकर शिकेन, अय्या," ती म्हणाली. थोरल्या भावाला ती अय्या म्हणायची.

ती चपला काढून अनवाणी पायाने चालवायची. तिचा पाय इतका हलका होता की मी गिअर कधी बदलला हे मागे बसलेल्यांना कळायचं नाही. म्हाताऱ्यांना तिने दियतलावाच्या दवाखान्यात नेलं, तिलकसिरींच्या मुलीला, सेवंदीला, शिकवणीला नेलं, चहामळ्यातल्या बाळंतिणींना घरी पोहोचवलं. गावात लोक मला "हेमाची गाडी" म्हणू लागले. तिलकसिरी हसायचे, पण त्यांना ते थोडं टोचायचं. मला दिसायचं ते.

मग माझं बिघडायला लागलं. आधी कुणाला कळू नये इतकं थोडं. सकाळी दांडा ओढला की मी लगेच हलायचे, ती आता क्षणभर थांबू लागले आणि मग हिसका देऊन निघू लागले. चढावर इंजिन ओरडायचं आणि चाकं मात्र तशीच रेंगाळायची. पायाने कितीही दाबलं तरी दम नाही. वाटेतले रिक्षावाले हात दाखवून मला मागे टाकून जायचे. शरमेने मला वाटायचं, रस्त्याने दुभंगून मला पोटात घ्यावं.

हेमलताला ते सगळ्यांत आधी कळलं. "अय्या, गाडी काहीतरी सांगतेय. गिअर धरत नाही, आणि चढावर जीवच नाही तिच्यात."

"गिअरचं तेल मी दर महिन्याला बघतो. भरलेलं असतं. तूच पाय दाबतेस जास्त."

"सेवंदीच्या लग्नाआधी एकदा गॅरेजमध्ये दाखवूया."

"लग्न होऊ दे आधी. दुकान बघू, पाहुणे बघू, की हिला बघू? गाडी काय पळून जातेय?"

"पळत नाही, तेच तर म्हणतेय मी," हेमलता म्हणाली. पण तो दिवस आचाऱ्याच्या हिशेबात गेला आणि बोलणं तिथेच राहिलं.

सेवंदीचं लग्न हपुतलेच्या सभागृहात होतं. नवरा-नवरीने फुलांनी सजवलेल्या लाकडी चौथऱ्यावर पाय ठेवायचा मुहूर्त ज्योतिषाने काढून दिला होता. आमच्याकडे या मुहूर्ताला फार मान. तिलकसिरी पाहुण्यांच्या स्वागताला पहाटेच पुढे गेले. नवरीला आणायचं काम हेमलताकडे आलं.

माझ्या पुढच्या झाकणावर कर्दळीची आणि ऑर्किडची फुलं होती. मागे सेवंदी, तिची आई आणि मावशी, पुढे करवली, डिकीत तेलात तळलेल्या कॅवुम-कोकिसच्या फराळाची ताटं, केळीचा घड. सेवंदीच्या गळ्यात सात माळा, कपाळावर बिंदी, अंगावर जड कँडी पद्धतीची साडी. ती हलली की तिचे दागिने वाजायचे.

बेरगलाचा चढ लागला आणि माझा श्वास कोंडला. इंजिन तापलं, पोटाखालून जळका वास येऊ लागला. हेमलताने पाय हलका केला, दांडा खालच्या गिअरला ओढला, पुन्हा सोडून बघितलं. तिला येत होतं ते सगळं तिने केलं. इंजिन नुसतं किंचाळलं. मग मी मागे सरकायला लागले. तिने ब्रेक दाबला आणि आमच्या मागे गाड्यांची रांग लागली.

त्याच रांगेत नवऱ्याकडच्या लोकांची व्हॅन होती. रणसिंघे मामा, नवऱ्याचे मामा, काचेतून डोकं बाहेर काढून म्हणाले, "बाईच्या हातात चाक दिलं की मुहूर्तसुद्धा चालत येतो."

व्हॅनमधले हसले. व्हॅन भरलेली होती, ती पुढे गेली.

शेवटी भाजी पोहोचवून रिकामा परतणारा एक लॉरीवाला थांबला. लीकच्या, त्या कांदापातीसारख्या भाजीच्या, वासाने भरलेल्या त्या केबिनमध्ये सेवंदी चढली. हेमलताने खालून तिची साडी धरली आणि तिच्या आईला शेजारी बसवलं; मावशी आणि करवली ताटं घेऊन मागच्या रिकाम्या हौद्यात चढल्या. लॉरी गेली. हेमलता माझ्यापाशी राहिली, अनवाणीच, आणि चाकांमागे दगड लावत बसली. ती रडली नाही. मला रडता येत नाही. आम्ही दोघी जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या नजरा झेलत तिथे उभ्या होतो.

सेवंदी पोहोचली तेव्हा मुहूर्त टळून गेला होता. लग्न लागलं, पण कुजबुज उरली. आणि कुणी विचारलं की तिलकसिरी म्हणायचे, "बहिणीने गाडी जाळली. चढावर सारखा पाय दाबून ठेवला."

मित्रांनो, माझा आजार होता आणि दोष तिच्या माथी गेला. मी छपरीत उभी राहून ते ऐकत होते. त्या दिवसापासून हेमलताने किल्लीला हात लावला नाही. ती छत्री घेऊन बसने जायची. माझ्यावर फणसाची पानं पडत राहिली, कोंबड्या माझ्याखाली बसू लागल्या. मला वाटलं, बरंच झालं, तोंड दाखवायला जागा होतीच कुठे.

माहेरी आलेल्या सेवंदीने एक दिवस वडिलांजवळ विषय काढला. "तात्ता, आत्या बोलायची बंद झालीय. गाडी नक्की कशाने बंद पडली, ते तुम्ही कुणाला विचारलंत तरी का?"

"विचारायचं काय त्यात?"

"मग मी विचारते. तुम्ही फक्त सोबत चला."

मला लॉरीला बांधून बंडारवेलाला फारूकच्या गॅरेजमध्ये नेलं. फारूक वयाने तिलकसिरींएवढाच, बोलायला मोकळा. तिलकसिरींनी वाटेत ठरवून ठेवलेलं वाक्य म्हटलं, "बहिणीने गिअर जाळले."

"महात्तया, बघू तर आधी," फारूक अदबीने म्हणाला. "तेल शेवटचं कधी बघितलंत?"

"दर महिन्याला. भरलेलं असतं."

"इंजिन चालू ठेवून?"

"बंद असताना. चालू इंजिनात कोण हात घालतं?"

फारूकने मला चालू केलं, तापू दिलं, मग मोजपट्टी काढून पांढऱ्या फडक्यावर पुसली. पट्टीच्या टोकाला नुसता ओलावा होता, आणि तोही लाल नव्हता, चहासारखा काळपट होता. त्याने फडकं तिलकसिरींच्या नाकाशी धरलं.

"वास घ्या. इंजिन बंद केलं की सगळं तेल खाली उतरतं आणि पट्टी भरलेली दाखवते. तुमच्या या गाडीला गरम, चालू असतानाच विचारायचं असतं." मग तो खाली वाकला. तेल थंड करणाऱ्या जाळीकडे जाणारी एक रबरी नळी घामेजलेली होती. "इथून हळूहळू गळलंय. तेल कमी, म्हणून गिअर घसरतात."

नळी बदलली, नवं तेल घातलं. दांडा ओढताच मी हलले. माझा आनंद मात्र गल्लीच्या टोकापर्यंतच टिकला. छोट्या चढावर पुन्हा तोच कोंडलेला श्वास.

"मग हे काय?" तिलकसिरी म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडी आशाच होती. दोष बहिणीचाच निघावा, अशी.

फारूकने सेवंदीला बोलावून तिचा हात माझ्या धुराच्या नळीमागे धरायला लावला. "लागतोय का धूर जोरात?"

"फुंकरसुद्धा नाही लागत."

"शेजारच्या गाडीमागे धरा आता."

तिथे तिचा पदर उडाला. फारूकने माझी नळी पुढून सैल केली. मी मोठ्याने गरजले आणि तो छोटा चढ एका दमात चढले. धूर गाळणाऱ्या डब्यातली जाळी तुटून तुकडे अडकले होते. श्वास बाहेर पडायलाच वाट नव्हती, म्हणून दम नव्हता. फारूकने तो डबा बदलला.

"दोन दुखणी होती," फारूक म्हणाला. "दोन्ही एका दिवसात होत नाहीत. वर्ष तरी गेलं असेल. कुणीही चाकावर असतं तरी तो चढ ही चढली नसती. मागे घसरत दरीत गेली नाही, हेच नशीब. चाकावर कोण होतं?"

"माझी बहीण," तिलकसिरी म्हणाले आणि चपलेकडे बघत राहिले.

एप्रिलमध्ये नववर्षाच्या जेवणाला नवऱ्याकडची माणसं आली. केळीच्या पानावर नारळाच्या दुधात शिजवलेल्या भाताच्या वड्या, म्हणजे किरिबत, लुणुमिरिसची तिखट चटणी, कॅवुम. रणसिंघे मामांनी विचारलं, "काय, हेमाची गाडी चालते का आता?"

मी अंगणातच उभी होते. तिलकसिरींनी हातातला घास खाली ठेवला. "गाडी माझी. तिचं दुखणं हेमाने मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, आणि नंतर तिचंच नाव सांगत फिरलो."

मामा पाणी प्यायले. "मीसुद्धा व्हॅनमधून एक बोललो होतो," ते म्हणाले. "ते तुम्ही विसरला असाल, बाई."

"नाही विसरले," हेमलता म्हणाली आणि त्यांच्या पानावर आणखी एक किरिबतचा तुकडा वाढला.

जेवणानंतर तिलकसिरींनी किल्ली तिच्यापुढे धरली. तिने ती घेतली नाही. "बस बरी आहे, अय्या," ती म्हणाली. रागाने नाही. मला राग परवडला असता.

माझे गिअर आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. आतल्या चकत्या झिजल्यात, फारूक म्हणाला, जपून चालवली तर काही वर्षं जातील. तिलकसिरीच मला चालवतात. दर महिन्याला मला गरम करून, चालू ठेवून पट्टी बघतात.

गेल्या पावसाळ्यात सेवंदीला दिवस भरले. धुक्यात, सकाळी, तिला दियतलावाच्या दवाखान्यात न्यायचं होतं. तिलकसिरी चाकावर, मागे सेवंदी, आणि तिचा हात धरून हेमलता. इतक्या दिवसांनी ती माझ्यात बसली होती. बेरगलाचा चढ आला. तिलकसिरींचे हात ताठ झाले, पायाने त्यांनी जोर लावला, मी ओरडायला लागले. लाजेने मी पुन्हा गोठले.

मागून हेमलता हळूच म्हणाली, "पाय थोडा उचल, अय्या. तिला बदलू दे."

त्यांनी पाय उचलला. गिअर बदलला, कुणाला न जाणवता. धुक्यातून मी वर चढत राहिले, आणि मागच्या सीटवरून तिचा आवाज येत राहिला, "हं. आता दे. आता सोड."

मित्रांनो, यंत्र आजारी पडलं की ते हिसके देतं, गळतं, वास सोडतं, त्याला येईल त्या भाषेत सांगतं. ते ऐका. आणि यंत्र थांबलं म्हणून त्यावर बसलेल्या माणसाला बोल लावण्याआधी एकदा खाली वाकून बघा. माझी नळी एका दुपारात बदलली गेली. हेमलता अजून मागच्याच सीटवर बसते.