पाक हेंदार्तोंचा अंतर्ज्ञानी कोड

इंडोनेशियातल्या सेमारंग शहरात एका सॉफ्टवेअर कंपनीचं सभागृह खच्चून भरलं होतं. मागचे लोक टाचा उंचावून पडद्याकडे बघत होते. बाटिकचा नक्षीदार शर्ट घातलेले सल्लागार पाक, म्हणजे साहेब, हेंदार्तो डोळे मिटून म्हणाले, "माझ्या या कोडला काही सांगावं लागत नाही. वस्तूचा स्वभाव हा आतून ओळखतो!"

दिसत तरी तसंच होतं. सी-प्लस-प्लस या संगणकभाषेत एरवी "मी यंत्र आहे" असं वस्तूच्या प्रत्येक प्रकाराला, म्हणजे 'टाइप'ला, आधी लिहून द्यावं लागे. गो भाषेत ती कटकट नसते. आता इथेही पंप द्या, भोंगा द्या, हेंदार्तोंची ही कोड-लायब्ररी न विचारता जोडून घेत होती. टाळ्यांचा कडकडाट झाला.

चाचणी विभागातली किनासिह, सगळ्यांची 'म्बाक' म्हणजे ताई, हिचे हात मात्र मांडीवरच राहिले. भरतीचं पाणी तिने स्वतःच्या चुलीपर्यंत आलेलं पाहिलं होतं, आणि सोमवारी हाच कोड किनाऱ्यावरच्या पूरदरवाज्यांवर चढणार होता.

"पाक, हा ओळखतो कसा?"

"म्बाक, तुम्ही जेवताना आचाऱ्याची उलटतपासणी घेता का?" लोक खदखदून हसले. "आणि लायब्ररीची ती फाइल उघडू नका हं. कोपते."

किनासिहने जेवणाच्या सुट्टीत ती उघडलीच. टेम्पलेट, म्हणजे कोडचा साचा, तो यंत्रभाषेत उतरवणाऱ्या कंपायलरला वाचावा लागतो, म्हणून तो सगळ्यांच्या संगणकात उघडाच पडला होता. जेमतेम नव्वद ओळी. कुणी डोकावलंच नव्हतं.

सुट्टीनंतर तिने पडद्यावर नवा प्रकार लिहिला: पिसांग गोरेंग. त्यात साच्यातल्याच दोन आज्ञा होत्या. 'ओपन' म्हणजे तळलेल्या केळ्याचा कागद सोडायचा, 'क्लोज' म्हणजे गुंडाळायचा.

पडद्यावर उमटलं, "यंत्र जोडलं."

"अगं बाई, केळं जोडलं!" मागून कुणीतरी ओरडलं.

"चेष्टा आहे ही!" हेंदार्तो तडकले.

"बरं, खरा पंप घेऊ." तिने पंपाच्या 'ओपन'चं नाव बदलून 'बुका', म्हणजे इंडोनेशियनमध्ये 'उघड', केलं. अर्थ तोच, पण कंपायलरने पंप नाकारला.

मग तिने टेबलावरचा पूरदरवाज्याचा छोटा नमुना जोडला आणि प्रोग्राम सुरू केला. हुकूम कुणीच दिला नव्हता, तरी मोटर घरघरली आणि दरवाजा वर गेला.

"बाकी यंत्रांत 'ओपन' म्हणजे संपर्क जोडणं," किनासिह म्हणाली. "म्हणून प्रोग्राम सुरू होताच लायब्ररी सगळ्यांनाच 'ओपन' म्हणते. पण दरवाज्याच्या कोडमध्ये 'ओपन' म्हणजे दरवाजा उचलणं. साचा प्रत्येक प्रकारासाठी एक तक्ता छापतो: 'ओपन' म्हटलं की इकडे जा, 'क्लोज' म्हटलं की तिकडे. तो नावं जुळवतो. अर्थ त्याच्या गावीही नाही."

संचालिका बू सुलास्त्रींचा चेहरा उतरला होता. "म्हणजे सोमवारी भरतीच्या वेळी..."

"समुद्र आमच्या घरात आला असता, बू."

बाईंनी तिथल्या तिथे काम थांबवलं. हेंदार्तो पिशवी आवरू लागले, तेव्हा किनासिहच्या शेजारी बसणारा सहकारी दिमास ओशाळून म्हणाला, "म्बाक, मला तर खरंच वाटलं होतं गं."

"युक्ती चांगलीच आहे रे, शिकून घे. पण कुणी चमत्कार म्हणालं की 'कसं?' एवढं विचारायचं. उत्तर मिळालं तर आपण शहाणे होतो. नुसता राग मिळाला, तर आपल्या घरादाराची किल्ली त्याच्या हातात द्यायची नाही."