पाच उन्हाळ्यांच्या शिव्या

"डॉक्टर, हात मागे घ्या! आधी ते खरवडणं थांबवा!"

ओदिलाँ गुडघाभर चिखल तुडवत धावत आला, तेव्हा डॉक्टर रोकबेर आपल्या शिडाच्या नौकेच्या बुडाला खरवडायचा पत्रा लावून उभे होते. ओहोटीनं आर्काशाँची खाडी पार लांब गेली होती आणि नौका कुशीवर कलंडून वाळूत निजली होती. रोकबेर बोर्दोचे दातांचे डॉक्टर. उन्हाळाभर खाडीत शीड फिरवायचं आणि रविवारच्या शर्यतीत गावच्या औषधवाल्याला मागे टाकायचं, एवढीच त्यांची महत्त्वाकांक्षा.

"नमस्कार, ओदिलाँ," डॉक्टर सावधपणे म्हणाले. या माणसाकडून पाच वर्षांत त्यांना साधा नमस्कारही शिवीशिवाय मिळाला नव्हता. "आता काय चुकलं माझं?"

"बुडाला काय चिकटलंय ते पाहिलंत का?"

"तेच तर काढतोय. यंदा तो रंग लावला नाही. तुम्ही पाच वर्षं विष विष म्हणून ओरडत होतात, आणि जानेवारीत सरकारनं बंदीही घातली. आता नौका गाभण म्हशीसारखी चालते. गेल्या रविवारी सगळ्यांच्या शेवटी आलो."

ओदिलाँचं लक्षच नव्हतं. त्यानं बुडाला नाक टेकवलं आणि बोटानं शेवाळ हळूच बाजूला सारलं. खाली मसुरीच्या डाळीएवढ्या, पातळ, करड्या शिंपल्या घट्ट धरून बसल्या होत्या. इथे, तिथे, थेट सुकाणूपर्यंत.

"कालवांची पिल्लं," तो म्हणाला. "आपल्या खाडीत जन्मलेली."

पाच उन्हाळे खाडीत कालवांचं बी धरलंच नव्हतं. हौशी लोक आपल्या नौकांना शेवाळ चिकटू नये म्हणून जो रंग फासत, त्यातलं कथिलाचं विष पाण्यात उतरत होतं आणि कालवाचं पिल्लू काही जगत नव्हतं. शास्त्रज्ञांना ते सिद्ध करायला वेळ लागला. ओदिलाँ पुराव्यासाठी थांबला नाही. समोरच नांगरलेल्या रोकबेरना त्यानं धक्क्यावर सुनावलं, बाजारात सुनावलं, एकदा तर कुणाच्याशा बाप्तिस्म्याच्या दिवशी चर्चच्या दारात सुनावलं. यंदाही बी धरलं नाही, तर सप्टेंबरात कालवांचे वाफे सोडून द्यायचे आणि त्याच्या बायकोनं, एडमेनं, बोर्दोला बहिणीच्या धोबीखान्यात कामाला लागायचं, असं घरात ठरून गेलं होतं.

"एडमे! अगं ए एडमे!"

एडमे फळ्यांच्या शेडमधून बाह्या सरसावतच आली. तिनं बुडाकडे पाहिलं, एका शिंपलीवरून अंगठा फिरवला, आणि डॉक्टरांच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. डॉक्टरांच्या हातातला पत्रा चिखलात पडला.

"राहू दे ते सगळं तिथंच," ते गोंधळून म्हणाले. "रविवारी शेवटचा आलो तरी चालेल."

"कौलं बघू या," एडमे म्हणाली.

छपराची कौलं चुन्यात बुडवून, लाकडी चौकटींत रचून, जूनअखेर खाडीत ठेवायची. पोहणारी पिल्लं चुन्याला चिकटतात, आणि थोडी मोठी झाली की चुन्यासकट सुटून येतात. ऑगस्टच्या आत कौल उचलायचं नाही, असा खाडीचा रिवाज. पण रिवाज हे निमित्त होतं. खरं म्हणजे बघायची दोघांचीही छाती झाली नव्हती.

एडमेनं टोकाच्या चौकटीतून एक कौल उपसलं. पांढऱ्या चुन्यावर करड्या टिकल्यांची नुसती गर्दी. ती हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"धोबीखाना गेला चुलीत!" ती ओरडली.

दुसरी चौकट भरलेली. तिसरीही. ओदिलाँ चिखलात नाचायला लागला आणि एक बूट तिथंच रुतवून बसला. डॉक्टर विजार दुमडून एकेक कौल उन्हात धरत होते आणि प्रत्येक वेळी "हे बघा, हे बघा!" म्हणत होते. इतका आनंद त्यांना औषधवाल्याला हरवूनही झाला नसता.

शेवटच्या दोन चौकटी मात्र कोऱ्या निघाल्या. नुसता चुना.

"इथं का नाही?" एडमेनं विचारलं.

"प्रवाह," ओदिलाँ म्हणाला, जरा घाईनंच. "इथं प्रवाह वेगळा आहे."

"तीस वर्षं हीच जागा सगळ्यांत आधी भरायची."

एडमेनं आजूबाजूला पाहिलं. चार पावलांवर तिची आणि ओदिलाँची स्वतःची होडी ओहोटीनं वाळूला टेकली होती. तिचं बूड घासलेल्या ताटासारखं स्वच्छ होतं. एडमे गेली, त्यावरून तळहात फिरवला आणि हात उलटा करून पाहिला. हाताला तांबडी भुकटी लागली होती. डॉक्टरांनी तो रंग एका नजरेत ओळखला आणि ते दूर दीपगृहाकडे बघू लागले.

"एक डबा उरला होता," ओदिलाँ पुटपुटला. "बंदीच्या आधी घेतलेला. चांगला, महागाचा. टाकवेना. मार्चमध्ये तू बहिणीकडे गेली होतीस, तेव्हा लावून टाकला. म्हटलं, एवढ्याशा होडीनं काय होणार?"

"डॉक्टरही हेच म्हणायचे," एडमे म्हणाली.

ओदिलाँनं टोपी काढली आणि उगाचच तिच्या आत पाहिलं.

"ही होडी आज वर ओढायची," एडमे म्हणाली. "खाली ताडपत्री अंथरून खरवडायची. एक कपचीसुद्धा पाण्यात जाता कामा नये. पण त्याआधी, डॉक्टरांना पाच उन्हाळे जे जे म्हणालास, ते आता स्वतःला म्हण. मोठ्यानं."

"एडमे, लोक ऐकतील."

"तेव्हाही ऐकतच होते."

ओदिलाँनं आशेनं डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर चष्मा पुसत होते. सुटका नव्हती.

"विषारी बुडाच्या!" त्यानं खाडीकडे तोंड करून सुरुवात केली. "खाडी म्हणजे तुझ्या बापाची मोरी वाटली का रे?"

शेडांच्या दारांत बायका जमल्या. कुणीतरी टाळी वाजवली. ओदिलाँचा आवाज तापत गेला.

"कालवं खायला पुढे, मारायला त्याहून पुढे! दात उपटता उपटता स्वतःची अक्कल उपटून बसलास!" तो थांबला. "हे मला लागू होत नाही."

"म्हटलंस ना? पुढचं बोल."

बायका पोट धरून हसत होत्या. ओदिलाँनं घाम पुसला आणि मोठा श्वास घेतला.

"तुझं शीड उंदरांनी खावं, आणि तुझ्या वाकड्या तोंडाला बघून खेकडेसुद्धा बिळात पळावेत!"

"हे मी कधी ऐकलं नव्हतं," डॉक्टर म्हणाले.

ओदिलाँ कानापर्यंत लाल झाला.

"ते तुमची पाठ वळल्यावरचं आहे."

"असं आणखी किती आहे?"

"बरंच."

डॉक्टरांनी चष्मा नाकावर चढवला आणि ते ओल्या वाळूत ऐसपैस बसले.

"मग सावकाश होऊ द्या," ते म्हणाले. "भरतीला अजून वेळ आहे."