मॅडमची जागा

रविवारी पोहे झाले की श्यामकांत देवपुजारींच्या घरात देवपूजेपेक्षा कडक सोवळं सुरू होत असे. बैठकीतला पंखा बंद व्हायचा, कारण तो कुरकुरायचा. फोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवला जायचा. मग श्यामकांत स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन हळू आवाजात सांगायचे, "सरला, आता भांडे नको वाजवू." सरला गॅस बंद करायची आणि सुपात तांदूळ घेऊन पाटावर बसायची, कारण आवाज न करता होण्यासारखं तेवढं एकच काम त्या घरात होतं. रायपूरच्या मे महिन्यातही पंखा बंदच. बाहेर माणसं घामाने निथळायची, पण हूं की चूं करायची नाहीत.

हा सगळा थाट एका गाण्यासाठी होता. इंग्लंडातल्या पाच लांब केसवाल्या पोरांनी कधीकाळी केलेलं गाणं, वीस मिनिटांहून लांब. याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात, असं श्यामकांत आल्यागेल्याला सांगायचे, आणि आलागेला "अच्छा" म्हणून चहा प्यायचा. गाण्याचं नाव इंग्रजीत लांबलचक होतं. घरात सगळे त्याला मोठं गाणं म्हणत. भक्त तिघेच. वीज मंडळातले श्यामकांत, रेल्वेतले हरिदास मेश्राम आणि बांधकाम खात्यातले निरंजन. तिघेही नोकरीला लागल्यापासूनचे दोस्त, तिघांचेही केस आता पिकलेले, पण त्या गाण्यापुढे बसले की कॉलेजातल्या पोट्ट्यांसारखे व्हायचे.

गाणंही तसंच होतं, खोटं कशाला बोला. आधी ऑर्गन एकटाच चालायचा. मग ड्रम असा शिरायचा की त्याचा ताल मोजता मोजता हरिदासची बोटं हमखास चुकायची. गिटार भांडण काढायची, तिची समजूत घातली जायची, आणि ऐन मध्यावर सगळं थांबायचं. ऑर्गनचा नुसता एक लांब सूर उरायचा, आणि त्या सुरावर कुठून तरी दुरून एक बाई गुणगुणायची. शब्द नाहीत, काही नाही. चार ओळी, हळूहळू खाली उतरणाऱ्या. मग ती बाई जायची ती जायचीच. उरलेल्या गाण्यात पुन्हा कुठे तिचा पत्ता नसायचा.

तिला हे तिघे मॅडम म्हणत. त्या चार ओळींना मॅडमची जागा. जागा आली की तिघेही डोळे मिटतात, हे हरिदासनेच एकदा सरलाला सांगितलं होतं. मॅडम कोण असेल यावर किती वाद झाले असतील त्याला गणती नाही. निरंजनचं म्हणणं, ती चर्चमध्ये गाणारी असावी. हरिदास म्हणायचा, नाही, हा आवाज कष्टाच्या बाईचा आहे, ही गाऊन पोट भरणारी नव्हे. श्यामकांतनी तर विलायतेला रेकॉर्ड कंपनीला पत्र पाठवून विचारलं होतं. उत्तर आलं नाही, त्यामुळे मॅडमचा भाव आणखी वाढला.

ती मॅडम म्हणजे सरला होती.

बावीस-तेवीस वर्षांपूर्वी, लग्न होऊन जेमतेम महिना झालेला. बिऱ्हाड ब्राह्मणपाऱ्यात, दोन खोल्यांचं. भिलाईच्या कुणा इंजिनिअरने या गाण्याची तबकडी श्यामकांतना एका दुपारपुरती दिली होती, आणि बजावलं होतं की तबकडी झिजलेली आहे, एकदाच लावायची. एकदाच लावायची, तर त्याच वेळी टेप करून घ्यायची, हे ओघानेच आलं. रेकॉर्ड प्लेअरसमोर टेपरेकॉर्डर ठेवला. पण ब्राह्मणपाऱ्याच्या गल्लीत शांतता आणायची कुठून? हरिदास गल्लीच्या तोंडाशी सायकलरिक्षा अडवायला उभा राहिला. निरंजन शेजारच्या नळावर बायांच्या हातापाया पडायला गेला. श्यामकांतनी बटण दाबलं, नव्या नवरीला "अजिबात आवाज नको" म्हणून दटावलं, आणि दार ओढून घेऊन ओट्यावरच्या पोरांना हाकलायला ते स्वतःही बाहेर पडले. तिघांनी शांततेवर असा पहारा दिला की ज्या गाण्यासाठी पहारा, ते मात्र एकानेही ऐकलं नाही. त्या दुपारी ते खरं गाणं ऐकणारी घरात एकटी सरला होती.

ती आतल्या खोलीत तांदूळ निवडत होती. पुलगावला तिची आई तांदूळ निवडताना गुणगुणायची, तीच सवय हिला. बाहेर गाण्यातला सगळा गोंधळ थांबून तो एक सूर उरला, आणि हातात सूप होतं. आपण गायलो हे तिचं तिलाही कळलं नाही. तबकडी संध्याकाळी परत गेली. दुसऱ्या दिवशी तिघांनी टेप लावली, ती जागा आली, आणि आत सरलाने स्वतःचा आवाज ओळखला. आता बोलणी बसणार! तर बाहेर निरंजन कपाळाला हात लावून म्हणत होता, "अरे बाप रे, ही बाई कोण आहे बे?"

तेव्हा ती भीतीने गप्प राहिली. मग लाजेने. आणि मग, खरं सांगायचं तर, तिला ते आवडायला लागलं. एरवी त्या घरात तिचं गाणं कुणी विचारलं नव्हतं. मुलं झाली, मोठी होऊन पुण्याला शिकायला गेली, तोवर ती स्वतःही ते विसरली. पण रविवारी तेवढ्या चार ओळींपुरती तीन शहाणीसुरती माणसं तिच्यासाठी श्वास रोखून बसत. सरला स्वयंपाकघरात तांदळातले खडे काढत ती शांतता ऐकायची. तिचं तेवढं एक गुपित होतं, आणि ते तिला दागिन्यापेक्षा प्यारं होतं.

मग रायपूर राजधानी झालं. जुन्या हॉस्पिटलच्या इमारतीत मंत्रालय बसलं, घरभाडी आभाळाला भिडली, आणि भोपाळहून साहेबलोकांचं ट्रक भरभरून सामान उतरायला लागलं. देवपुजारींच्या शेजारच्या माडीवर यज्ञेश्वर नावाचा पस्तिशीतला अधिकारी राहायला आला. भोपाळात वाढलेला मराठी माणूस. पहिल्याच रविवारी गाणं संपता संपता तो बनियनवर शर्ट अडकवत धावत आला आणि दारातच हात जोडून उभा राहिला.

"माफ करा हं, भिंतीतून ऑर्गन ऐकू आला. हे गाणं? रायपुरात? मला वाटलं मी सपना बघून राहिलो!"

त्याने वादकांची नावं घडाघडा म्हणून दाखवली. श्यामकांतनी त्याला मिठीच मारली. इतकी वर्षं तिघांच्या पलीकडे हे गाणं ओळखणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

"माझ्याकडे ओरिजिनल सीडी आहे," यज्ञेश्वर म्हणाला. "लंडनहून मागवलेली. अगले रविवारी घेऊन येतो, प्लेअर पण आणतो."

"वा! म्हणजे आमच्या मॅडमचा आवाज एकदम साफ येईल," हरिदास म्हणाला.

"कोण मॅडम?"

तिघे एकमेकांकडे बघून हसले. "ऐकशील नं बाप्पा," निरंजन म्हणाला. "एवढी नावं पाठ आहेत तुले, अन् मॅडम माहीत नाही?"

आत सरलाच्या हातातला कप बशीवर आपटला. ओरिजिनल सीडीवर मॅडम कुठून येणार होती?

तो आठवडा तिला गोड गेला नाही. सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी धूळ पडद्यांवर बसते म्हणून तिने धुतलेले पडदे पुन्हा धुतले. एकदा मनात आलं, सांगून टाकावं. पण सांगणार काय? तुम्ही ज्या बाईसाठी विलायतेला पत्र लिहिलं, ती तुमच्याच घरात तांदूळ निवडत होती? ते हसतील. किंवा त्याहून वाईट म्हणजे हसणार नाहीत, नुसते हिरमुसतील. मॅडम जाईल आणि तिच्या जागी कोण येईल, तर सरला. हा सौदा कोण करील? आणि गप्प राहावं तरी रविवारी सीडी लागायचीच. ती जागा रिकामी जाईल, यज्ञेश्वर सांगेल की टेपवरचा आवाज म्हणजे घरातला गोंगाट आहे, आणि तिचा आवाज कचऱ्यासारखा गाण्यातून झाडून टाकला जाईल. या दुसऱ्या गोष्टीची तिला जास्त भीती वाटत होती.

शनिवारी संध्याकाळी श्यामकांत टेपरेकॉर्डरचं हेड कापसाने पुसत बसले होते. कॅसेटला निरोप द्यायचा तर थाटात द्यायचा, असं त्यांचं म्हणणं.

"अहो," सरला म्हणाली, "कॅसेटच राहू द्या नं. काय वाईट आहे तिच्यात?"

"वाईट काहून असेल? पण तुले नाही समजत सरला. इतके वर्ष आपण मॅडमले पडद्याआडून ऐकून राहिलो. उद्या पडदा हटते." त्यांचा चेहरा असा फुलला होता की सरलाने कापसाचा नवा बोळा त्यांच्या हातात दिला.

रविवार उजाडला. पोहे झाले, पंखा बंद झाला, रिसीव्हर बाजूला ठेवला गेला. यज्ञेश्वरने आणलेला प्लेअर टेबलावर बसला. "सरला, आता भांडे नको वाजवू." ती सूप घेऊन पाटावर बसली. हाताला घाम सुटला होता, तांदूळ बोटांना चिकटत होते.

गाणं सुरू झालं आणि सरला चकितच झाली. केवढं स्वच्छ होतं ते! कॅसेटवरची खरखर नाही, रिक्षाची पुसट घंटी नाही. त्या दुपारी दोन खोल्यांच्या घरात तिने एकटीने ऐकलं होतं, ते हेच. तेव्हाची ती कोवळी भीती, नव्या घराचा वास, आईची आठवण, सगळं एकदम तिच्या अंगावर आलं. ड्रम आला. बाहेर हरिदासची बोटं खुर्चीच्या हातावर चुकली. गिटार भांडली. मग सगळं थांबलं आणि तो एक सूर उरला.

सूर तसाच चालला होता. त्यावर कुणी नव्हतं. बैठकीतल्या तिघा दोस्तांनी श्वास रोखून धरला होता तो सुटेना. ती रिकामी जागा सरलाला बघवेना. पान वाढून ठेवलंय आणि जेवणारा आलाच नाही, तसं काहीतरी. तिची बोटं तांदळात फिरत होती. आणि तिच्या गळ्यातून त्या चार ओळी आपसूक निघाल्या. आवाज आता जाड झाला होता, वरच्या सुराला किंचित कापला. पण उतरताना अगदी तसाच उतरला, आईसारखा, एकेक पायरी.

शेवटची ओळ संपली आणि सरलाने तोंडावर हात ठेवला.

पण नियम म्हणजे नियम. मोठं गाणं संपेस्तोवर त्या घरात कुणी उठत नसे की बोलत नसे. ड्रम परत आला, गिटार परत आली, उरलेलं अर्धं गाणं आपल्या गतीने चालत राहिलं, आणि सरला तशीच पाटावर बसून राहिली. इतकं लांब गाणं करणाऱ्या त्या पाच पोरांना तिने मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या.

शेवटी ते संपलं. खुर्ची सरकली. श्यामकांत दारात आले, मागे हरिदास आणि निरंजन, आणि त्यांच्या खांद्यांवरून डोकावणारा यज्ञेश्वर.

"चहा ठेवू?" सरला म्हणाली.

"तू होतीस?" श्यामकांत म्हणाले. "इतके वर्ष? काहून नाही सांगितलं मले?"

"तुम्ही विलायतेला विचारलं," ती म्हणाली. "स्वयंपाकघरात कुठं विचारलं?"

हरिदासने चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. "मी म्हटलं होतं नं," तो निरंजनला म्हणाला, "कष्टाच्या बाईचा आवाज आहे म्हणून." मग त्याला रडू आलं आणि तो ते लपवायला हसला.

यज्ञेश्वरला सगळं समजावून सांगावं लागलं. कॅसेट लावून ती जागा ऐकवावी लागली. ऐकून त्याने प्लेअरमधली सीडी काढून सरलापुढे धरली. "वहिनी," तो म्हणाला, "माझी सीडी तुम्ही ठेवा. मला ही कॅसेट उतरवून द्या. माझ्या सीडीत ही जागा नाहीच ना."

रात्री जेवताना श्यामकांत एकदम म्हणाले, "मी तुले सांगितलं होतं, आवाज करू नको. बरं झालं ऐकलं नाहीस." सरलाने त्यांना आणखी एक पोळी वाढली.

पुढच्या रविवारी पोहे झाले, पंखा बंद झाला. श्यामकांत सवयीने स्वयंपाकघराच्या दाराशी आले. "सरला, आता भांडे..." म्हणाले आणि थांबले. मग आत येऊन त्यांनी पाटाशेजारचं तांदळाचं सूप स्वतः उचललं, बैठकीत नेलं आणि आपल्या खुर्चीवर ठेवलं. ते स्वतः खाली सतरंजीवर बसले. सरला पदर सावरत बाहेर आली, सूप मांडीवर घेऊन त्या खुर्चीत टेकली. इतक्या वर्षांत ती गाण्याच्या वेळी बैठकीत पहिल्यांदाच बसत होती.

सीडी लागली. ऑर्गन, ड्रम, भांडण, समजूत, सगळं यथासांग झालं, आणि तो एक सूर उरला. तिघांनी डोळे मिटले. यज्ञेश्वरनेही मिटले. सरला गायला लागली. तिने मात्र डोळे उघडेच ठेवले. आपण गातो तेव्हा श्यामकांतचा चेहरा कसा होतो, ते तिला एकदा बघायचं होतं.