भिकुबाईंनी बांधलेला झेंडा

पंधरा ऑगस्टला सकाळी आठ वाजता संस्थेचे अध्यक्ष जीवराम आबांनी दोरीला हिसका दिला, पाकळ्या खाली पडल्या, आणि मी मुख्याध्यापिका असून राष्ट्रगीत सुरू करायचं विसरले. केशरी, पांढरा, हिरवा, सगळं जागच्या जागी होतं. पण मधोमध चक्राऐवजी चरखा!

"बाई, हा एकतीस सालचा!" सातवीतली मोहिनी ओरडली. आदल्या आठवड्यात मीच शिकवलं होतं ना! एकतीस सालच्या काँग्रेसच्या झेंड्यावरचा चरखा म्हणजे स्वतःच्या हाताचे कष्ट. सत्तेचाळीसच्या जुलैत त्याच्या जागी अशोकचक्र आलं, ते दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं वगैरे. फळ्यावर हे सगळं सोपं असतं. काठीवर नाही. समोर तीनशे पोरं, अख्खी ग्रामपंचायत आणि वर धरलेले दहा-वीस मोबाईल.

आधी हलले ते आमचे शिपाई निंबाभाऊ. त्यांनी झेंडा सरासर खाली घेतला, कपाटातला दुसरा तिरंगा आणून चढवला. राष्ट्रगीत झालं, पण सूर कुणाचाच लागला नाही.

ऑफिसात आबा कडाडले, "निलंबित करा याला! पोलिसात द्या!"

निवृत्तीला सात महिने राहिलेले निंबाभाऊ टेबल धरून उभे होते. "आबा, झेंडा मन्ही माय बांधस. पस्तीस वरीसपाईन. मी सोडीसन दखा नई."

खरंच होतं ते. शाळेचा झेंडा दर वर्षी त्यांची आई भिकुबाई धुवायच्या, पितळी तांब्यात निखारे घालून त्याला इस्त्री करायच्या, आत पाकळ्या ठेवून सरकगाठ मारायच्या. तशी गाठ गावात दुसऱ्या कुणाला जमत नाही. आता वय सत्त्याऐंशी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"त्यांच्या पेटीत दोन झेंडे असतील, म्हाताऱ्या माणसाची चूक झाली," मी म्हणाले. आबा जरा निवले. "निंबानंच लगेच उतरवला म्हणून सोडतो. पण माफीनाम्यावर म्हातारीचा अंगठा पाहिजे. आजच्या आज."

मी माफीनामा लिहिला आणि निंबाभाऊंसोबत त्यांच्या घरी गेले. भिकुबाई ओट्यावर बसल्या होत्या. "नजरचुकीने..." एवढंच वाचलं, तर त्यांनी हात वर केला.

"चूक कसानी, बाई? शाळाना झेंडा मशीनवर शिवेल शे. हाऊ मन्हा बापना हातना सूतना. आंधळाले बी समजस."

मी हबकलेच. म्हणजे जाणूनबुजून!

त्यांचे वडील छत्तीस साली काँग्रेसच्या फैजपूर अधिवेशनाला पायी गेले होते. परत येऊन सूत कातलं, झेंडा शिवला आणि स्वातंत्र्याच्या दिवसासाठी जपून ठेवला. तो दिवस उजाडला तेव्हा गावात चक्राचा झेंडा आला. वडिलांनी आपल्या झेंड्याची घडी केली ती कायमचीच.

मला दया यायला हवी होती. आला तो संताप. "आजी, पोराची नोकरी गेली असती! पोलिसात देत होते त्यांना!"

भिकुबाईंचं तोंड उघडंच राहिलं. "पोलीस? झेंडा लावा म्हनीसन? तो बी आपलाच शे ना?"

तो झेंडा लावणं गुन्हा असेल, अशी शंकासुद्धा त्यांच्या मनाला शिवली नव्हती.

मग त्यांनी विचारलं, "किती येळ फडकना?"

"दहा-अकरा सेकंद."

"मंग कोनी उतारा?"

वाऱ्यानं दोरी सुटली, असं सांगता आलं असतं. निंबाभाऊ आईच्या पायाशी बसले.

"मी, माय."

भिकुबाई त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. मग तोच हात त्यांनी माझ्याकडे केला.

"आन तो कागद. चूक मन्ही व्हती. अंगठा कोठे लावू?"