सातत्य शिकवता येतं

कार शर्यतींच्या टीममध्ये सगळे तिला ‘घड्याळ’ म्हणत. फेरीमागून फेरी सारख्याच वेळात काढायची, टायर जपायची, ब्रेक जपायची. अख्ख्या हंगामात तिने एकही शर्यत अर्धवट सोडली नव्हती. तिच्या धाकट्या भावाचं नाव पडलं होतं ‘तुफान’. तो एक फेरी अशी मारायचा की बघणाऱ्याने श्वास घ्यायचं विसरावं, आणि पुढच्याच फेरीत गाडी भिंतीवर. गुणांमध्ये ती दुसरी होती, तो नववा. तरी वरच्या श्रेणीत कोण जाणार, हा प्रश्न टीममध्ये कुणी विचारतसुद्धा नव्हतं.

“वेग उपजत असतो,” मालक येता-जाता ऐकवत. “सातत्य काय, शिकवता येतं.”

मग तीन वर्षांत त्याला का नाही शिकवलंत, हे दर वेळी तिच्या ओठांवर यायचं.

शेवटच्या शर्यतीला वरच्या श्रेणीतल्या एका बड्या टीमचे पाहुणे आले होते, एक ड्रायव्हर निवडायला. त्याच सकाळी सरावात तुफानने गाडी भिंतीला लावली. ती पार कामातून गेली. मालक आणि वडील दोघं मिळून तिच्याकडे चालत येताना दिसले, तेव्हाच तिला कळलं की हे काय मागणार. तिची गाडी धाकट्याला द्यायची. तो सगळ्यांच्या मागून सुटेल, पण पाहुण्यांना पोरगा दिसेल तरी. वडील म्हणाले, तू मोठी आहेस, समजून घे.

“आणि मी कुणाला दिसायचं?” तिने विचारलं.

“तुझं काय, कागदावर दिसतंच की,” मालक म्हणाले.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या पाठीच्या मापाने घडवलेली सीट मेकॅनिकनी उपसून जमिनीवर ठेवली आणि कुणीतरी त्यात नटबोल्टचे पाने टाकले. वर्षभर गाडी तिने जुळवत आणायची, आणि आता हा आयत्या बिळावर नागोबा. हेल्मेट चढवताना त्याने तिच्याकडे बघितलंही नाही.

सुरुवातीचे लाल दिवे विझले, गाड्या सुटल्या, आणि तिला टेप आठवली. ती ब्रेक आधी आणि हलका लावायची, त्यामुळे तिच्या ब्रेकला हवा कमी लागे. म्हणून ब्रेक गार ठेवणाऱ्या नळ्यांची तोंडं तिच्या गाडीत टेपने अर्धी बुजवलेली असत. वाऱ्याचा अडथळा कमी होऊन सरळ रस्त्यावर तेवढाच जास्त वेग मिळायचा. घाईघाईत ती टेप काढायची राहिली होती. तुफानसारखे उशिरा, दाबून ब्रेक मारले तर थोड्याच फेऱ्यांत ते तापून पाय नुसता खाली जाणार होता, ब्रेक लागणारच नव्हता.

एक पूर्ण फेरी ती गप्प बसली. होऊ दे, तिच्या मनात आलं, कळू दे एकदाचं सगळ्यांना. पुढच्या फेरीत त्याच्या पुढच्या चाकातून धूर निघाला आणि तिने टेपचं सांगून टाकलं. इंजिनियर म्हणाला, गाडी आत बोलावू. मालक म्हणाले, पाहुण्यांसमोर? अजिबात नाही. तिने इंजिनियरच्या कानावरचा रेडिओचा हेडफोन ओढून घेतला.

“तुझ्या ब्रेकला हवा नाही. मी सांगेन तिथे लाव. आधी लाव, हलका लाव. नाहीतर मरशील.”

मग उरलेली अख्खी शर्यत तिने तोंडाने चालवली. आता लाव, आता सोड, पुढचा टायर संपवतोयस, थांब. दोनदा त्याने आगाऊपणा करून घुसायचं बघितलं, तेव्हा तिने त्याला लहानपणापासूनच्या सगळ्या शिव्या दिल्या. पुढचे घाईवाले एकेक करून बाजूला पडले. सगळ्यांच्या मागून सुटलेला तुफान तिसरा आला.

पाहुणे हरखले. या वयात इतकं धीराचं चालवणं, पोरगा एका दिवसात मोठा झाला, म्हणाले. तीन वर्षं तिने केलं ते कागद, आणि त्याने एक दुपार केलं तर सोनं. हे जमलं कसं, असं त्यांनी विचारलं. तुफानने एकदा तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, “आतूनच आलं.” इंजिनियर मूग गिळून बसला. वडिलांनी डोळे पुसले. जागा तिथल्या तिथे ठरली.

संध्याकाळी ट्रकच्या मागे तुफानने तिला गाठलं. खरं सांगितलं असतं तर जागा गेली असती, असं काहीबाही पुटपुटला.

“पुढच्या वर्षी रेडिओवर तूच ये ना, ताई. मी बोलतो त्यांच्याशी.”

“नाही येणार.”

“मग मला सांगणार कोण?”

“कुणी नाही. मी कुठलीतरी खटारा गाडी शोधीन, पण त्याच शर्यतीत असेन, तुझ्या मागे. तू चुकेपर्यंत मागेच राहीन, आणि या वेळी तोंड उघडणार नाही.”