विहिरीतला दिवा

आमची हवेली आता संग्रहालय झालीय आणि मी तिथेच गाईड आहे. चौकातल्या विहिरीवर संग्रहालयाच्या साहेबांनी जाड काच बसवली आणि आत दिवा सोडला. लोक काचेवर उभे राहून दात काढत फोटो घेतात. माझं डोकं फिरतं, पण पोटासाठी मीही हसते. याच विहिरीत माझा धाकटा भाऊ बुडाला, हे सांगायचं नाही, अशी साहेबांची ताकीद आहे.

संग्रहालय झाल्यापासून काल आई पहिल्यांदाच आली. काचेशी बसून बराच वेळ खाली बघत राहिली. मग माझा हात धरून म्हणाली, "रात्री तरी हा दिवा मालवायला सांग गं. त्याला उजेडात झोप लागत नाही, माहितेय ना तुला?"

"सांगते," मी म्हणाले.

तेवढ्यात पुढचा घोळका आला.

"या ना," मी हसून म्हणाले, "काचेवर उभे राहा."