किलोला सुटला पाहिजे

"शिवू नकोस गं पोरी. तो सुटायलाच ठेवलाय."

सासरे असं म्हणाले तेव्हा ते दारात बसून बुटांना पॉलिश करत होते, आणि मी दाताने दोरा तोडत होते. मी मान हलवली. हो म्हटल्यासारखी हलवली आणि सुईत दोरा ओवला. दुहेरी. गोधडीचा.

टाय त्यांचा होता. मरून रंगाचा, सिक्युरिटी एजन्सीने दिलेला, गाठ आधीच मारलेला. माझे सासरे दगडू, ठाण्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या दारात चार वर्षं उभे होते. त्याआधी काही महिने एका टॉवरच्या गेटवर, आणि त्याही आधी चोवीस वर्षं वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टर्नर. लेथवर काम करणारा माणूस गळ्यात काही घालत नाही. साखळी नाही, गमछा नाही. बाबांच्या शेजारच्या मशीनवर एकाचा मफलर फिरत्या भागात गेला होता. ती गोष्ट बाबा अर्धीच सांगायचे. "मशीन बंद करेपर्यंत," एवढं म्हणून थांबायचे आणि पाण्याचा तांब्या मागायचे.

कारखाना बंद पडला आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांच्या हातात टाय आला. हॉस्पिटलात लागले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी त्याच्या मागचं इलॅस्टिक कापून टाकलं. गजराच्या जुन्या घड्याळातली स्प्रिंग काढली, गॅसवर तापवली, कापली, कानसली, पकडीने वाकवली आणि एक चाप बनवला. बोटाच्या पेराएवढा. गाठीच्या मागे तो बसायचा आणि त्याची दोन टोकं कॉलरच्या पट्टीला धरायची. समोरच्याला पत्ता लागत नसे. मग स्वयंपाकघरातल्या खिळ्याला त्यांनी एका जुन्या शर्टाची कॉलर अडकवली, तिला टाय लावला आणि टायच्या टोकाला कांद्यांची पिशवी बांधली.

"पाव किलोला टिकला पाहिजे," ते म्हणाले. "किलोला सुटला पाहिजे."

किलोला सुटला. कांदे ओट्याखाली घरंगळले. सासूबाई, भीमाबाई, म्हणाल्या, "आता वेचा. एवढे शहाणे आहात तर कांदे पण वेचा."

हे सगळं कशासाठी, तर नाथासाठी. नाथा बाबांचा जोडीदार. शिळफाट्याकडच्या एका टॉवरच्या गेटवर दोघं आधी कामाला होते. नाथाने एका गाडीवाल्याला पास विचारला. त्याने काच खाली केली, नाथाचा टाय धरून आत ओढला, काच वर केली आणि गाडी सोडली. गाडी हळूच चालवत होता म्हणे, गंमत म्हणून. आतले हसत होते. नाथा गाडीबरोबर पळाला. बाबा मागून पळाले. तीस-पस्तीस पावलं नाथा पळाला, मग त्याचे पाय संपले. आता तो शहाडला लेकीकडे असतो. बाजूला बघायचं झालं तर त्याला अख्खं अंग वळवावं लागतं.

हे मला माहीत होतं. कुणी सांगितलं नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

आणि मी काही निष्काळजी बाई नाही. उलट घरात माझी चेष्टा होते. माझी लेक मैत्री झाली तेव्हापासून मी तिच्या प्रत्येक झबल्याच्या नाड्या कापल्या. टोपीची दोरी कापली. खिडकीच्या पडद्याच्या दोऱ्या उंच खिळ्याला गुंडाळल्या. कोपर स्टेशनजवळच्या आमच्या चाळीत एका बाईने तिच्या गळ्यात काळा दोरा बांधला, तर मी तिच्यासमोरच तो कापला. ती अजून माझ्याशी बोलत नाही. मी बी.एस्सी. झालेली, दीड वर्षाच्या बाळाच्या श्वासनलिकेची जाडी मला माहीत होती. माझा नवरा प्रशांत म्हणायचा, "तुझं चाललं तर हिला तू बिनमंगळसूत्राचीच लग्नाला उभी करशील."

मग मी तो टाय का शिवला, तर लाज वाटली म्हणून.

मैत्रीला लस द्यायला मी त्याच हॉस्पिटलात नेलं होतं. लॉबीत बाबा उभे होते, ताठ. मला बघून हसले नाहीत, ड्यूटीवर ते हसत नसत. फक्त मैत्रीसाठी दोन बोटं हलवली. तेवढ्यात पेशंटला भेटायला आलेला एक पोरगा लिफ्टकडे जाता जाता त्यांच्याजवळ थांबला आणि सहज, खोडी काढावी तसा, त्याने टाय ओढला. टाय त्याच्या हातात आला.

"अंकल, केजीच्या पोरांचा टाय घालून आलात काय?"

लॉबी हसली. काउंटरच्या आत कल्पिता बसली होती, कॉलेजात माझ्या बाकावरची. तीही हसली. बाबांनी त्याच्या हातून टाय घेतला, फुंकर मारली, परत लावला आणि त्याला लिफ्टचं बटण दाबून दिलं.

"काय गं, तुझ्या ओळखीचे आहेत का?" कल्पिताने विचारलं. मैत्री आजोबांकडे हात पसरून ओरडत होती.

मी म्हटलं, "आमच्या चाळीतले आहेत."

दुसऱ्या दिवशी बाबांची सुट्टी होती. दुपारी मैत्री झोपल्यावर मी टाय घेऊन बसले. चाप काढून ओट्यावर ठेवला. काळ्या कापडाची पट्टी कापली, बाबांच्या कॉलरचं माप घेतलं आणि गाठीला एका बाजूने पक्की शिवली, दुसऱ्या बाजूला पॅन्टचा हूक शिवला. हूक अडकवायचा, कॉलर खाली करायची, झालं.

"बाबा, हॉस्पिटल आहे ते," मी म्हटलं. "बार नाही. कोण ओढतंय आता?"

"पोरगा ओढून गेला की काल."

"म्हणूनच तर."

ते परत बुटांना पॉलिश करायला लागले. मी टाय खिळ्याला अडकवला आणि त्याला पिठाची पिशवी बांधली. पाच किलोची. टाय हलला नाही. मी एवढी खूश होते की त्यांना हाताला धरून आत नेऊन दाखवलं. "बघा. पाच किलो पेललं."

बाबांनी टाके बोटाने चाचपले. "टाका छान आहे," ते म्हणाले. "हिने शिकवलेला आहे ना."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तोच घातला.

रोज सकाळी निघताना मैत्रीचा एक खेळ असे. बाबा वाकायचे, ती टाय ओढायची, टाय टपकन तिच्या हातात यायचा, ती खिदळायची, बाबा "चोर, चोर" म्हणायचे. त्या सकाळी तिने ओढला आणि टाय आला नाही, बाबांची मान आली. तिने पुन्हा ओढला. बाबांचा चेहरा तिच्या चेहऱ्याजवळ आला, लालसर. ते म्हणाले, "चोर, चोर," पण आवाज दाबलेला होता. मैत्री हसली नाही. मी ते बघितलं आणि दूध उतू जातंय म्हणून आत गेले. दूध उतू जात नव्हतं.

अकरा दिवस काही झालं नाही.

बाराव्या दिवशी सकाळी मी मैत्रीला उपमा भरवत होते. ती फोन बघितल्याशिवाय खात नाही, म्हणून तो समोर उभा केलेला. चाळीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. वर लिहिलेलं, 'ठाण्यात हॉस्पिटलमध्ये राडा, अशांना फोडलेच पाहिजे.' कुणाला फोडायचं ते लिहिलं नव्हतं. मैत्रीनेच बोट लावलं आणि तो सुरू झाला.

अपघातात गेलेल्या एका मुलाची माणसं होती. दहा-बारा. काउंटरची काच आधीच फुटलेली. एकाच्या हातात सलाईन लावायचा लोखंडी स्टँड होता आणि तो जे समोर येईल त्यावर मारत होता, खुर्च्या, फलक, पाण्याचा कूलर. आयसीयूच्या दारात एक माणूस दोन्ही हात पसरून उभा होता. त्याच्या पाठीमागे दार आतून लावून घेत होते. दार लागेपर्यंत तो हलला नाही. त्याच्या खांद्यावर स्टँड बसला, तो वाकला, परत सरळ झाला. मग एकाने त्याचा टाय धरला.

मैत्री म्हणाली, "आबा."

पहिला हिसका. माझ्यासाठी तो अजून एक अनोळखी माणूस होता. दुसरा हिसका. टाय आला नाही. तसा त्या माणसाने टाय हाताभोवती गुंडाळून घेतला, एक वेढा, दुसरा वेढा, आणि चालायला लागला. बाबा गुडघ्यावर आले. मग आडवे झाले. त्यांना फरशीवरून, काचांवरून, उतारावरून खाली पोर्चपर्यंत नेलं. मध्ये कुणी कुणी लाथ मारत होतं. बाबांचे दोन्ही हात गळ्याशी होते, बोटं पट्टीच्या आत जायला बघत होती. मी माप बरोबर घेतलं होतं. बोट जायला जागा नव्हती.

व्हिडिओ एक्केचाळीस सेकंदांचा आहे. पहिल्या हिसक्यापासून तो माणूस थांबेपर्यंत तेवीस. मी मोजलेत.

पट्टी कापली ती कृतिका नावाच्या नर्सने. ती मला नंतर आयसीयूबाहेर भेटली. "ताई, कात्री चालेना," ती म्हणाली. "कापड कापलं गेलं, पण तो दोरा. कसला दोरा होता तो? मी अक्षरशः दातांनी..." आणि तिने हाताने ओठ पुसला. तिच्या ओठाला चीर होती.

सहा दिवस बाबा जगतात की नाही हे कुणी सांगत नव्हतं. गळ्याचं आतलं हाड मोडलं होतं. गळ्याला भोक पाडून नळी घातली. मी घरी येऊन मैत्रीला प्यायला घ्यायचे आणि तिच्या गळ्यावर बोट ठेवून बसायचे. ती बोट ढकलायची. एकदा ढकलताना माझ्या नखाचा ओरखडा तिच्या गळ्यावर उठला आणि मी इतकी ओरडले की शेजारचे आले. सातव्या दिवशी बाबांनी डोळे उघडून प्रशांतला ओळखलं.

दहाव्या दिवशी एजन्सीचे मितेशशेठ आले. इथल्याच गावातले, जमिनी असलेले. माणूस तसा वाईट नाही, सफरचंदं घेऊन आले. कापलेला टाय प्लास्टिकच्या पिशवीत होता. त्यांनी तो बाबांसमोर धरला.

"काका, तुमचा टाय तर ओढला की सुटतो. यो कोनी शिवला? मना वर जबाब द्यायचा हाय."

बाबांना बोलता येत नव्हतं. त्यांच्या हाताशी मैत्रीची पाटी होती, लिहून पुसायची. मी पाण्याची बाटली धरून पायथ्याशी उभी होते. प्रशांत म्हणाला, "बाबा कशाला शिवतील? चाप तर त्यांनीच..."

बाबांनी पाटी ओढली. त्यांचं अक्षर वाकडं आलं. 'मी शिवला.'

"तुमी? आनि कशाला?"

'सारखा पडत होता.'

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या त्या टायकडे बघत होत्या, टाक्यांकडे. तो टाका या घरात दोनच बायकांना येतो. त्यांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "पहिल्यापासून हट्टी आहेत हे. कुणाचं ऐकलं तर शप्पथ."

मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. बाटलीचं झाकण उघडलं आणि परत लावलं. प्रशांतला मी तीन महिन्यांनी सांगितलं. तो दोन दिवस माझ्या हातचं जेवला नाही, तिसऱ्या दिवशी जेवला. ताटाकडे बघत म्हणाला, "बाबांनी लिहिलंय ना. मग तसंच राहू दे."

बाबांचे कपडे हॉस्पिटलने एका पिशवीत दिले होते. शर्ट कापलेला, रक्ताने कडक झालेला. मी तो धुवायला म्हणून भिजवला, तर खिशात काही टोचलं. चाप होता. ओट्यावरून त्यांनी तो उचलला होता आणि बारा दिवस खिशात घेऊन हिंडत होते. केव्हाही लावता आला असता. एक पट्टी कापायची, एक चाप अडकवायचा. माझा टाका कापू का, एवढंही त्यांनी मला कधी विचारलं नाही.

आता ते घरी असतात. नळी निघाली, आवाज आला नाही. बोलतात तेव्हा सुपातून धान्य पाखडल्यासारखं वाजतं. जुन्या बाजारातून बंद घड्याळं आणतात आणि चाप बनवतात. नाथा शहाडहून येतो, अख्खं अंग वळवून माझ्याकडे बघतो आणि चहा मागतो. दोघं मिळून खिळ्याला टाय टांगतात, कांदे बांधतात. टाय सुटून कांदे पडले की मैत्री टाळ्या वाजवते. बाबा तोंड उघडतात. तिला "चोर, चोर" म्हणायचं असतं त्यांना. ती त्यांच्या तोंडाकडे बघत थांबते, मग कांदे वेचायला लागते.

बाबांच्या जागी त्या दारात आता सखाराम म्हणून एकजण आहे. मी मैत्रीच्या पुढच्या लसीला गेले तेव्हा चाप घेऊन गेले होते. कल्पिता काउंटरवर होती. "माझ्या सासऱ्यांनी दिलाय," मी तिला ऐकू जाईल असं सखारामला म्हटलं. त्याने कॉलर वर केली. मागे पट्टी होती, पक्की शिवलेली. "मिसेसने शिवलाय," तो म्हणाला, कौतुकाने. "टाका बघा ना, मॅडम."

तुमच्या गेटवरही कुणीतरी असेल. कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला उतराल तेव्हा त्याच्याजवळ थांबा. आधी नाव विचारा. मग त्याला सांगून, हळूच, किलोभर कांद्याएवढ्या जोराने त्याचा टाय ओढून बघा. हातात आला तर फुंकर मारून परत द्या. नाही आला तर घरातून कात्री घेऊन या. पट्टी कुणी शिवली ते विचारू नका.